वाचनालय, शाळा, मतपेटी आणि बाजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालय, शाळा आणि निवडणूक यांत बाजारी विचार शिरू नये, हे मी व्याख्यानांतून मांडतो. व्याख्यानानंतर हाती येणाऱ्या चिठ्ठ्या, पत्रं आणि फोनवर होणारी चौकशी यांतून हे पान जमत गेलं. एकच शंका निरनिराळ्या शब्दांत आली असेल तिथे ती एकत्र केली आहे. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचं सविस्तर उत्तर दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. ‘बाजारी विचार’ म्हणजे नेमकं काय? खासगीकरणालाच तुम्ही हे नाव देता का?

नाही. खासगीकरणात मालक बदलतो. बाजारी विचार मालक न बदलताही शिरतो. वाचनालय सार्वजनिकच राहतं, पण समितीच्या बैठकीत पहिला प्रश्न ‘यातून उत्पन्न किती?’ हा असतो. शाळा सार्वजनिकच राहते, पण मुख्याध्यापकांचा निम्मा दिवस पटसंख्या टिकवण्याच्या धडपडीत जातो.

या विचारात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. ज्याला जे हवं त्यासाठी तो पैसे मोजेल. ज्यासाठी कुणी पैसे मोजत नाही, त्याची कुणाला गरज नाही. आणि पसंत पडलं नाही तर माणूस दुसरीकडे जाईल. घड्याळं विकताना ही तिन्ही गृहीतं बरीचशी खरी ठरतात. अक्षरओळख होत असलेलं मूल, नोकरी शोधणारा वाचक किंवा मतदार यांच्या बाबतीत मात्र तिन्ही फसतात.

2. पुस्तकं छापली जातात आणि विकली जातात ती बाजारातच. मग बाजाराला विरोध कशासाठी?

बाजाराला विरोध नाही. प्रकाशक, मुद्रक, विक्रेते यांच्याशिवाय वाचनालयाची कपाटं रिकामी राहतील. हरकत आहे ती बाजाराचं मोजमाप त्याच्या हद्दीबाहेर लावण्याला. पुस्तक विकत घेताना किंमत महत्त्वाची आहेच. ते पुस्तक कुणाच्या हाती पोचावं हे ठरवताना किंमत मध्ये यायला नको, इतकंच म्हणणं आहे.

3. वाचनालय फुकट का असावं? पैसे मोजले की किंमत कळते, असं म्हणतात.

वर्गणीची वाचनालयं आधी होतीच. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1731 मध्ये फिलाडेल्फियात मित्रांसोबत काढलेलं वाचनालय वर्गणीवरच चालायचं आणि त्याने उत्तम काम केलं. पण वर्गणीतून त्यांनाच पुस्तकं मिळाली ज्यांना वाचनाची गोडी आधीच लागली होती आणि ज्यांच्या खिशात पैसे होते. ज्याला गोडी लागायची आहे, तो दारातूनच परत जातो. हे लक्षात आल्यावरच करातून चालणाऱ्या मोफत वाचनालयाची कल्पना पुढे आली. अमेरिकेतल्या पीटरबरो या छोट्या गावाने 1833 मध्ये तसं वाचनालय काढलं. ब्रिटनमध्ये 1850 साली कायदा झाला आणि नगरांना वाचनालयासाठी अगदी लहानसा कर बसवण्याची मुभा मिळाली. त्या कायद्यातली एक तरतूद आज वाचताना थक्क व्हायला होतं. कराचे पैसे इमारतीवर आणि नोकरांवर खर्च करता येत, पुस्तकांवर नाही! पुस्तकं कुणीतरी दान करील, असं धरलं होतं. 1855 मध्ये ती चूक दुरुस्त झाली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि 1910 पासून संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. वाचायला शिकवायचं आणि मग पुस्तकासाठी पैसे मागायचे, हे त्यांना विसंगत वाटलं असणार.

सार्वजनिक वाचनालय तत्त्वतः विनाशुल्क असावं, हे युनेस्कोच्या जाहीरनाम्यातही स्पष्ट म्हटलं आहे. ‘फुकटाची किंमत नसते’ या म्हणण्यावर माझं उत्तर असं की वाचनालय फुकट नसतंच. त्याचे पैसे सगळ्यांनी मिळून आधीच भरलेले असतात. दारात पुन्हा मागायचे नाहीत, एवढाच आपण केलेला ठराव आहे.

4. मी कधी वाचनालयात जात नाही. मी का भुर्दंड सोसायचा?

कारण वाचणाऱ्या माणसांमध्ये राहण्याचा फायदा तुम्हालाही मिळतो. औषधावरची सूचना नीट वाचणारी परिचारिका, करारातली मेख ओळखणारा शेजारी, खोटी बातमी पुढे न पाठवणारा नातेवाईक हे सगळे कुठेतरी वाचायला शिकलेले असतात. ज्याचा लाभ पैसे न देणाऱ्यांपासून रोखता येत नाही, ते बाजार पुरेसं निर्माण करत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युअलसन यांनी 1954 मध्येच गणिताने दाखवलं. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. वाचनालयाच्या अंदाजपत्रकाची वेळ आली की नेमका याचाच विसर पडतो.

5. निदान उशिराचा दंड तरी घ्यावा ना? नाहीतर पुस्तकं परत येणारच नाहीत.

पुस्तक परत यावं ही अपेक्षा रास्तच आहे. पण दंडाने ते होतं का, हे तपासून पाहावं लागतं.

उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या 10 पाळणाघरांचा अभ्यास केला. तो 2000 साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून त्यांपैकी 6 पाळणाघरांत दंड सुरू केला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाला. आधी उशीर झाला की पालकांना बाईंसमोर संकोच वाटायचा. दंड आल्यावर तो जादा वेळेचा दर होऊन बसला आणि संकोच संपला. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. सुरू करून पाहू, नाही जमलं तर बंद करू, असं म्हणणाऱ्यांनी या शेवटच्या निष्कर्षाकडे नीट पाहावं. एखाद्या नात्यात दर शिरला की तो काढला तरी नातं पूर्ववत होत नाही.

वाचनालयात आणखी एक गोष्ट होते. शिकागोच्या सार्वजनिक वाचनालयाने 2019 मध्ये आपल्या नोंदी तपासल्या. शहराच्या गरीब दक्षिण भागात दर तीनपैकी एक कार्ड दंड थकल्यामुळे बंद पडलेलं होतं. उत्तर भागात हेच प्रमाण सहापैकी एक होतं. बंद पडलेल्या कार्डांपैकी साधारण पाचवा हिस्सा 14 वर्षांखालच्या मुलांचा होता. दंड सगळ्यांना सारखाच लावला होता, पण दार बंद झालं ते गरिबांच्या मुलांसाठी. त्याच वर्षी त्यांनी उशिराचा दंड रद्द केला. 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयानेही तेच केलं. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई घेणं वेगळं; ती घ्यायला हरकत नाही.

6. वर्षानुवर्षं कुणी न नेलेलं पुस्तक ठेवायचं कशाला? जागा अडते.

अशा पुस्तकाचं शेवटचं पान उलटून पाहा. तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. वरचे दोन-तीन शिक्के जवळजवळचे, मग सात वर्षांचा खंड, मग एक शिक्का, आणि पुढे कोरे रकाने. दुकानाच्या हिशोबात हे पुस्तक मेलं. वाचनालयाच्या हिशोबात प्रश्न वेगळा आहे: तो एकटा शिक्का कुणाचा? कदाचित जुन्या पुराचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्याचा असेल, कदाचित आजोबांच्या गावाचा इतिहास शोधणाऱ्या मुलीचा असेल. त्या दिवशी ते पुस्तक कपाटात नसतं, तर त्या माणसाला ते दुसरीकडे मिळालं नसतं.

एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं दुसरं सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं सांगतं आणि तिसरं प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असं. बाजारी विचाराला फार तर दुसरं सूत्र समजतं. तिसरं समजत नाही, कारण ते आज न आलेल्या वाचकाबद्दल आहे आणि न आलेल्या माणसाची मागणी कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

याचा अर्थ काहीच बाद करायचं नाही असा नाही. फाटलेल्या प्रती, कालबाह्य झालेली वैद्यकीय माहिती, बदललेल्या कायद्यांची मार्गदर्शकं काढलीच पाहिजेत. ती ठेवणं धोक्याचं आहे. पण यादी करताना नुसती देवघेव पाहू नये. ही प्रत आसपासच्या दुसऱ्या संग्रहात आहे का, हे आधी पाहावं. शेवटची प्रत रद्दीत गेली की ती निवड कायमची होते.

7. आता सगळं मोबाइलवर मिळतं. वाचनालयांचा काळ संपला नाही का?

उलट वाचनालयावरची सर्वांत मोठी कुरघोडी मोबाइलच्याच काळात झाली आहे. छापील पुस्तक विकत घेतलं की ते तुमचं. ते उसनं द्या, दान करा, पन्नास वर्षं ठेवा. विकल्यानंतर त्या प्रतीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1908 मध्येच ठरवलं आणि इतर देशांतही या तत्त्वाची निरनिराळी रूपं आहेत. वाचनालयाचा पायाच हा आहे.

ई-पुस्तकाचं तसं नाही. वाचनालय ते विकत घेत नाही, परवाना घेतं. हार्परकॉलिन्स या प्रकाशनाने 2011 मध्ये नियम केला की वाचनालयाने घेतलेलं ई-पुस्तक 26 वेळा दिलं की परवाना संपेल आणि पुन्हा पैसे भरावे लागतील. मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशनाने नोव्हेंबर 2019 पासून नव्या ई-पुस्तकाची एकच प्रत पहिले आठ आठवडे मिळेल असं जाहीर केलं, मग वाचनालय कितीही मोठ्या शहराचं असो. ग्रंथपालांनी बहिष्काराचं शस्त्र उपसलं आणि मार्च 2020 मध्ये ती अट मागे घेतली गेली. मुदतीचे परवाने मात्र आजही सर्रास चालतात. म्हणजे वाचनालयाचा संग्रह वाढत नाही, तो भाड्याने राहतो आणि अंदाजपत्रक कापलं त्या वर्षी नाहीसा होतो.

आणि मोबाइलवर ‘सगळं’ मिळत नाही. जे कुणी तिथे ठेवलं, तेवढंच मिळतं.

8. फुकट वाचनालयामुळे लेखकाच्या पोटावर पाय येत नाही का?

ही शंका योग्य आहे आणि तिच्यावर उपाय सापडलेला आहे. डेन्मार्कने 1946 मध्ये वाचनालयातल्या पुस्तकांपोटी लेखकांना सरकारी निधीतून मानधन द्यायला सुरुवात केली. ब्रिटनने 1979 मध्ये तसा कायदा केला. वाचकाला पुस्तक मोफत मिळतं आणि लेखकाचा हक्कही बुडत नाही. जिथे ही पद्धत नाही तिथे ती यावी, असं मला मनापासून वाटतं.

9. पालकांना सरकारने पैशांचं कूपन द्यावं आणि त्यांनी हवी ती शाळा निवडावी. स्पर्धेने शाळा सुधारणार नाहीत का?

अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 मध्ये हीच सूचना केली. ती कागदावर इतकी नीटनेटकी आहे की पहिल्या वाचनात पटते. पण ती देशभर राबवून झाली आहे, त्यामुळे आता नुसत्या तर्कावर थांबायची गरज नाही.

चिलीने 1981 मध्ये, लष्करी राजवटीत, ती लागू केली. विद्यार्थी जाईल तिकडे सरकारी पैसा जाऊ लागला. लाखो मुलं खासगी शाळांत गेली. चांग-ताय शिए आणि मिगेल उर्किओला या अर्थशास्त्रज्ञांनी या बदलाचा अभ्यास करून 2006 मध्ये निष्कर्ष मांडला: सरासरी गुणवत्ता वाढल्याचा पुरावा नाही, मुलांची वर्गवारी मात्र वाढली. कारण उघड आहे. चांगला निकाल दाखवायचे दोन मार्ग असतात. एक, चांगलं शिकवणं. दुसरा, शिकवायला सोपी मुलं निवडून घेणं. दुसरा फार स्वस्त पडतो. दुकानदार गिऱ्हाईक निवडत नाही; शाळा निवडू शकते, आणि निवडलेली मुलं हीच तिची जाहिरात होते. 2006 आणि 2011 मध्ये तिथले विद्यार्थी प्रचंड संख्येने रस्त्यावर उतरले. अखेर 2015 च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना मुलं निवडणं, पालकांकडून वर पैसे घेणं आणि नफा कमावणं टप्प्याटप्प्याने बंद करायला लावलं.

स्वीडनने 1992 मध्ये हाच रस्ता धरला आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांनाही मुभा दिली. 2013 मध्ये तिथली शाळांची एक मोठी साखळी दिवाळखोरीत गेली आणि हजारो विद्यार्थ्यांना नवी शाळा शोधावी लागली. बाजारात तोट्यातला व्यवसाय बंद होणं निरोगी मानतात. पण आठवीतलं वर्ष परत येत नाही.

निवडीचा अधिकारच नको, असं माझं म्हणणं नाही. निवड पालकांची असावी, शाळेची नाही. प्रवेश सोडतीने व्हावा आणि वर पैसे मागू नयेत. या दोन अटींवर निवड आणि न्याय एकत्र राहू शकतात.

10. निकालाप्रमाणे शिक्षकांना पगार दिला तर काय बिघडेल?

इंग्लंडने 1862 मध्ये ते करून पाहिलं. मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, गणित यांची परीक्षा यांवर शाळेचं अनुदान ठरायचं. तपासनीस यायचा, मूल पुस्तक हातात धरून घडाघडा वाचून दाखवायचं. पुस्तक उलटं दिलं असतं तरी काही मुलांनी तितकंच घडाघडा म्हटलं असतं, कारण पुस्तक पाठ होतं. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा-तपासनीस होते आणि या पद्धतीवर त्यांनी सातत्याने टीका केली. परीक्षेत नसलेले विषय मागे पडले. ती पद्धत मोडीत निघायला सुमारे तीन दशकं लागली.

दीडशे वर्षांनी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात तेच मोठ्या प्रमाणावर घडलं. गुणांवर बक्षिसं आणि नोकऱ्या अवलंबून होत्या. 2011 च्या सरकारी चौकशीत 44 शाळा आणि 178 शिक्षक-मुख्याध्यापक गैरप्रकारात गुंतल्याचं नोंदवलं गेलं. मुलांनी चुकीची लिहिलेली उत्तरं खोडून बरोबर केली जात होती. याचं सर्वांत वाईट फळ त्या मुलांना मिळालं. कागदोपत्री उत्तीर्ण ठरल्यामुळे त्यांना जी जादा मदत मिळायला हवी होती, ती मिळाली नाही.

मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1970 च्या दशकात हे सूत्ररूपात सांगितलं होतं: एखाद्या आकड्यावर जितके निर्णय टांगाल, तितका तो आकडा भ्रष्ट होतो आणि ज्याचं मोजमाप करायचं तेही बिघडवतो. मग हिशोब कसा मागायचा, ते 13 मध्ये.

11. विद्यार्थ्याला आणि पालकाला ग्राहक मानलं तर त्यांना मान मिळतो. त्यात वाईट काय?

मान मिळायलाच हवा आणि उद्दाम वागणुकीला ‘सरकारी काम असंच’ म्हणून पदरात घेऊ नये. पण ग्राहकाचा मान त्याच्या जाण्याच्या धमकीवर उभा असतो. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये दाखवलं की बिघडलेल्या संस्थेपुढे लोकांकडे दोन मार्ग असतात: सोडून जाणं किंवा आवाज उठवणं. सोडून जाणं सोपं झालं की सर्वांत आधी जातात ते जागरूक आणि ऐपतदार लोक. नेमके तेच, ज्यांचा आवाज संस्थेला सुधारू शकला असता. मागे उरतात ते ज्यांना जाता येत नाही आणि ज्यांचं कुणी ऐकत नाही.

शिवाय शिक्षकाला कधी कधी विद्यार्थ्याला नको असलेली गोष्टच द्यावी लागते: कमी गुण, अवघड पुस्तक, ‘पुन्हा लिहून आण’. गिऱ्हाईकाला असं म्हणता येत नाही.

12. हे सगळं ठीक. पण लोकशाहीचा यात संबंध कुठे येतो?

बाजारात ज्याच्याकडे जास्त पैसे, त्याचा शब्द मोठा. मतपेटीत प्रत्येकाला एकच मत. हे दोन नियम शेजारी शेजारी नांदू शकतात, पण एकमेकांच्या घरात शिरले की एक मोडतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये निवडणुकीतल्या खर्चाला अभिव्यक्तीचं संरक्षण दिलं आणि 2010 मध्ये कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरची बंदी उठवली. त्यानंतर तिथे कुणाचा आवाज किती लांब पोचतो, हे बरंचसं खिशावर ठरू लागलं. याला सिअ‍ॅटल शहराने शोधलेलं उत्तर मला आवडतं. 2015 मध्ये तिथल्या मतदारांनी कौल दिला आणि 2017 पासून शहर प्रत्येक मतदाराला 25 डॉलरची चार कूपनं देतं. ती हव्या त्या स्थानिक उमेदवाराला देता येतात. देणगीदार होण्याची ऐपत सगळ्यांना सारखी वाटून दिली.

दुसरा मुद्दा मला जास्त जिव्हाळ्याचा आहे. बाजार तुमची आवड आहे तशी घेतो आणि पुरवतो. लोकशाहीत आपलं मत चर्चेत घडतं, बदलतं. समोरच्याचं ऐकून माणूस म्हणतो, ‘हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.’ त्यासाठी अनोळखी माणसं एका छताखाली यावी लागतात, जिथे बसायला काही विकत घ्यावं लागत नाही. वाचनालय आणि शाळा या तशा जागा आहेत. त्या आटल्या की उरतात ती प्रचाराची साधनं, जी प्रत्येकाला त्याच्या आवडीचंच ऐकवतात.

तिसरा मुद्दा बातम्यांचा. जाहिराती गेल्या की स्थानिक वृत्तपत्र बंद पडतं. त्याचं मोल त्याच्या खपापेक्षा मोठं होतं हे नंतर कळतं. पेंग्जी गाओ, चांग ली आणि डर्मॉट मर्फी या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळलं की अमेरिकेत स्थानिक वृत्तपत्र बंद पडल्यावर तिथल्या नगरसंस्थांना कर्ज 0.05 ते 0.11 टक्के जादा व्याजाने घ्यावं लागलं. लक्ष ठेवणारा डोळा गेला आणि त्याची किंमत करदात्याने मोजली, पेपर न वाचणाऱ्यानेसुद्धा.

13. उत्पन्न नको, निकाल नको. मग हिशोब मागायचा तरी कशाचा?

हिशोब मागायलाच हवा, पण एकाच आकड्याचा नको. वाचनालयाच्या देवघेव नोंदवहीत काय दिसत नाही ते पाहा. सकाळी दार उघडण्याआधीच पायरीवर थांबलेला आणि तासभर वर्तमानपत्र वाचून जाणारा माणूस: नोंद शून्य. घरी जागा नाही म्हणून कोपऱ्यातल्या टेबलावर गृहपाठ करणारी दोन भावंडं: नोंद शून्य. ग्रंथपालांकडून अर्ज समजून घेणारी आजी: नोंद शून्य. 2010 नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये सातशेहून अधिक वाचनालयं बंद झाली आणि अनेक ठिकाणी घटती देवघेव हेच कारण पुढे केलं गेलं.

आकडे ठेवा, पण ते चर्चेची सुरुवात म्हणून वापरा. शिक्षेचं साधन म्हणून नको. वर्षातून एकदा जाहीर बैठक घ्या, वाचकांना बोलू द्या. कोण येत नाही, याची चौकशी करा. शाळेच्या बाबतीत दुसऱ्या शाळेतल्या अनुभवी शिक्षकांनी वर्गात बसून पाहणं हे गुणांच्या तक्त्यापेक्षा जास्त सांगतं.

14. सार्वजनिक संस्थाच निकामी असेल तर? तिथले लोक कामच करत नसतील तर?

तर रागावण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बंद कपाटं, गैरहजर शिक्षक, कुलूप लावलेली अभ्यासिका यांचं समर्थन करता येत नाही. तोवर तुमच्या मुलाला तुम्ही दुसऱ्या शाळेत घातलं, तर त्याबद्दल कुणी तुम्हाला बोल लावू नये. मूल वाट पाहू शकत नाही. मात्र मूल बाहेर गेलं म्हणून तुमचा आवाजही बाहेर जाऊ देऊ नका. तुम्ही अजूनही करदाते आहात, मतदार आहात आणि अंदाजपत्रक मागवून वाचू शकता.

15. देणगीदाराने किंवा कंपनीने खर्च उचलला तर काय हरकत?

देणगीच्या अटी वाचा. अमेरिकेतले पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून जगभर अडीच हजारांहून अधिक वाचनालयं उभी राहिली. त्यांची अट होती की गावाने जागा द्यावी आणि देणगीच्या 10 टक्के रक्कम दरवर्षी वाचनालयावर खर्च करावी. त्या अटीने गावावर जबाबदारी टाकली. याच्या उलट उदाहरण चॅनेल वन या शाळांसाठीच्या टीव्ही वाहिनीचं. 1990 पासून अमेरिकेतल्या हजारो शाळांना टीव्ही संच मिळाले. बदल्यात वर्गात रोज 12 मिनिटांचा कार्यक्रम दाखवायचा आणि त्यात 2 मिनिटं जाहिराती. मुलांना उठून जाता येत नव्हतं. तिथे शाळेने मुलांचं लक्ष विकलं होतं.

16. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून घ्या, गरिबांना माफ करा. हा मधला मार्ग नाही का?

ऐकायला न्याय्य वाटतो. पण मग कुणीतरी गरिबीचा दाखला मागायला खिडकीशी बसतं. बारा वर्षांची मुलगी तो दाखला दाखवण्यापेक्षा येणं सोडून देते. दुसरं असं की ‘माफी’ची संस्था हळूहळू फक्त गरिबांची होते आणि फक्त गरिबांच्या संस्थेचं अंदाजपत्रक सगळ्यात आधी कापलं जातं (का, ते 11 मध्ये). ऐपतदारांकडून जास्त घ्यायचं तर कर हे साधन आहेच. ते दारात वापरायची गरज नाही.

17. झेरॉक्स, सभागृहाचं भाडं, छपाई यांचे पैसेही घेऊ नयेत का?

घ्यावेत. कागद-शाई ज्याची त्याने भरावी यात काही गैर नाही. सभागृह रिकाम्या वेळी भाड्याने द्यायलाही हरकत नाही. सीमा कुठे ओलांडली जाते, ते वेळापत्रकात दिसतं: भाड्याच्या कार्यक्रमासाठी अभ्यासिका लवकर बंद होऊ लागली, की समजावं. म्हणून प्रवेश, बसून वाचणं, पुस्तक घरी नेणं आणि ग्रंथपालांना माहिती विचारणं या चार गोष्टींना कधीच शुल्क लागणार नाही, असं नियमावलीत लिहून घ्यावं. शिवाय भाड्याचं उत्पन्न अंदाजपत्रकात नेहमीच्या खर्चाच्या बाजूला धरू देऊ नये. एकदा विजेचं बिल भाड्यावर अवलंबून झालं, की पुढच्या वर्षी अनुदान तेवढंच कमी होतं.